कार्मेलिन टीचर आणि न लागलेली जांभई

शाळेच्या गेटवर फ्लेक्स लागलाय. टीचरांचा फोटो, त्याला छापील हार, कोपऱ्यात मेणबत्ती आणि खाली ठळक अक्षरांत, ‘शांत, संयमी आणि मितभाषी शिक्षिका कार्मेलिन टीचर यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याच्याही खाली आमच्या चेअरमनसाहेबांचा फोटो. तो टीचरांच्या फोटोपेक्षा मोठा आहे.

सकाळी ते वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शांत? कार्मेलिन टीचर शांत? ज्या बाईचा आवाज दुसऱ्या मजल्यावरून रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू जायचा, ती मितभाषी? छापणाऱ्याने दुसऱ्याच कुठल्या तरी बाईचा मजकूर उचलून ह्यांच्या फोटोखाली डकवला असणार, आणि चेअरमनसाहेबांनी न वाचताच हो म्हटलं असणार. ह्याच गेटवर त्यांना बाहेर अडवलं होतं ह्या लोकांनी. आता मेणबत्ती लावतायत.

म्हणून लिहायला बसले. शाळेचं नाव लिहिणार नाही. विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात आहे एवढं पुरे. मी अजून तिथेच ज्युनियर केजीला शिकवते आणि मला घर चालवायचंय. टीचरांना हे अजिबात पटलं नसतं. त्यांनी नाव लिहिलं असतं, पत्त्यासकट.

टीचर पश्चिमेकडच्या निर्मळ गावच्या. वाडीतलं घर, मागे केळी, पुढे सोनचाफा. नवऱ्याने बागायत सांभाळली आणि ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांची पोरं सांभाळली. बालवाडीच्या शिक्षिकेचं रीतसर ट्रेनिंग घेतलेलं, तेही अशा काळात जेव्हा लहान पोरांना सांभाळायला कसलं आलंय शिक्षण, असं लोक तोंडावर म्हणायचे. रोज सकाळी स्कूटरवरून पूल ओलांडून पूर्वेला यायच्या. हेल्मेट काढलं की केस चारी दिशांना. तशाच वर्गात. मी एकदा कंगवा पुढे केला तर म्हणाल्या, मुलांना माझे केस आवडतात, तुला नसतील आवडत तर तू खिडकीतून बाहेर बघ.

डिकीत कायम सुकेळ्यांचा डबा. आमच्या वसईकडची ही वाळवलेली केळी, रंगाने गुळासारखी, चावायला चिवट. मधल्या सुट्टीत प्रत्येक पोराला एकेक तुकडा. शाळेने मग सर्क्युलर काढलं, की शिक्षकांनी मुलांना घरचं काही खायला देऊ नये. टीचरांनी ते सर्क्युलर नीट वाचलं, घडी घातली आणि डब्याखाली अंथरलं. त्यावर सुकेळ्यांचे चिकट डाग पडत पडत ते वर्षभर टिकलं.

राग मात्र नाकावर. पण त्या रागाला एक कायदा होता. मुलांवर कधीही नाही. ज्युनियर केजीचं पोर त्यांच्या साडीवर ओकलं तरी त्या म्हणायच्या, बरं झालं, पोट हलकं झालं. तो सगळा साठा मोठ्यांसाठी राखलेला. एका पालकाने ॲडमिशनच्या वेळी तीन वर्षांच्या मुलीकडून सगळ्या राज्यांच्या राजधान्या म्हणून घेतल्या आणि मोठ्या अभिमानाने विचारलं, कशी वाटली? टीचरांनी त्या मुलीला विचारलं, बाळा, तुला शू लागली की कुणाला सांगायचं? मुलगी बापाच्या तोंडाकडे बघायला लागली. मग टीचरांनी बापाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मूल म्हणजे काय तुमच्या घरचा मिक्सर आहे का, पाहुण्यांना चालवून दाखवायला, ही त्यातली सगळ्यात सौम्य ओळ.

आणि राग फारच चढला की टीचर मराठीतून त्यांच्या घरच्या बोलीत शिरायच्या. ती बोली आम्हाला कुणाला धड कळायची नाही, पण सूर कळायचा. आमच्या शाळेतल्या लतामावशी फडकं मारता मारता म्हणायच्या, गेल्या टीचर गावाला, आता खरं नाही.

गॅदरिंगचा किस्सा अजून सांगतात. पोरं भाज्या झालेली. कुणी भोपळा, कुणी वांगं, सगळी कागदात आणि फोमात गुंडाळलेली, भर दुपारी मंडपात उभी. प्रमुख पाहुणे म्हणजे इथले एक पुढारी. त्यांचं भाषण काही संपेना. शिक्षण म्हणजे काय, संस्कार म्हणजे काय, त्यांनी स्वतः काय काय केलं. टीचर सरळ स्टेजवर चढल्या, माइकवर हात ठेवला आणि म्हणाल्या, साहेब, भोपळ्याला शू लागलीय, तुमचं पुढचं भाषण आम्ही मुलांशिवाय ऐकू. मंडप हसून लोटपोट. पुढारी पण हसले, हसण्याशिवाय करणार काय. चेअरमनसाहेब तेवढे हसले नाहीत. ते त्यांनी मनात ठेवलं असं माझं पक्कं मत आहे.

आता जांभईबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडकलं.

टीचरांना लहान मुलांच्या जांभईचं भारी वेड. म्हणजे एखाद्याला पक्ष्यांचं असतं तसं. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना वाटायचं, आपण जांभई दिली की पोरं पण देतील आणि झोपतील. दुपारी पोरांना सतरंज्यांवर आडवं केलं आणि ह्यांनी मोठमोठ्या जांभया द्यायला सुरुवात केली. पोरं टक्क जागी. उलट उठून बसली आणि टीचरांच्या घशात काय दिसतं ते बघायला लागली. झोपल्या त्या लतामावशी, दाराला टेकून, घोरायला लागेपर्यंत. हा किस्सा टीचर दरवर्षी नव्या शिक्षिकांना सांगायच्या आणि मग गंभीर होऊन म्हणायच्या, लक्षात ठेवा, लहान मुलाला दुसऱ्याची जांभई लागत नाही. स्वतःची येते, ती तर आईच्या पोटात असल्यापासून येते. पण समोरच्याची बघून आपल्याला येणं, हे कळायला त्याला चार-पाच वर्षांचं तरी व्हावं लागतं, कुणाला अजून उशीर लागतो. दुसरा माणूस पण आपल्यासारखाच आतून काहीतरी असतो, हे अंगात भिनावं लागतं. त्याची घाई करायची नसते.

आणि वर्गात एखाद्या पोराला पहिल्यांदा अशी जांभई लागली की ह्या बाईला कोण आनंद. शाळा सुटताना गेटवर आईला गाठून सांगायच्या, आज तुझ्या मुलीला माझी जांभई लागली. जशी पहिल्या दाताची बातमी सांगावी तशी. आया बिचाऱ्या गोंधळून बघायच्या. एकीने तर घाबरून विचारलं होतं, औषध काय देऊ?

स्वतः टीचरांना जांभई आली की अंगठ्याने तोंडावर छोटा क्रूस काढायच्या. त्यांच्या आईची सवय. आमच्याकडे चुटकी वाजवतात. मला जांभई आली की माझी आजी माझ्या तोंडासमोर चुटक्या वाजवायची, आत काही वाईट शिरू नये म्हणून. सगळ्या महाराष्ट्राला हे माहीत आहे. निदान मला तसं वाटत होतं.

आरुष आमच्या ज्युनियर केजीत आला तो अर्नाळ्याचा. बाप होडीवर, आठ-आठ दिवस समुद्रात. आई दीपाली, बारावी झालेली, हुशार, आणि मुलाला इंग्रजी शाळेत घालायचं ह्या एका गोष्टीसाठी हट्टाने मनवेलपाड्यात भाड्याची खोली घेऊन राहिलेली. सोबत सासू. आजीने जन्मभर मासे विकलेले, अंगाने सडपातळ, आवाज खणखणीत. आरुष दिवसभर आजीच्या अंगावर वाढलेला, त्यामुळे त्याच्या सगळ्या सवयी म्हाताऱ्या माणसाच्या. जेवायच्या आधी ताटाला नमस्कार. कुणी शिंकलं की ‘देव तुजं भलं करो’. आणि कुणाला जांभई आली की आपली जागा सोडून उठायचं, त्याच्यासमोर जायचं आणि चुटकी वाजवायची.

वाजवायची म्हणजे काय, चार वर्षांच्या पोराची ती बोटं. चुटकी वाजायचीच नाही. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांवर नुसतं घासायचं, दोन्ही हातांनी, तोंडासमोर धरून, अगदी मन लावून. समोरच्याची जांभई संपेपर्यंत थांबायचा नाही. मग परत जागेवर.

पहिल्या महिन्यात टीचरांनी आजीला विचारलं, तेव्हा आजी म्हणाली, “आमच्यात कुनाला जांभई आली का बाजूच्यानं चुटकी वाजवायची. मी वाजवतो, तर तो पन वाजवतो.” टीचर मला म्हणाल्या, बघ सुनंदा, ह्याला अजून जांभई लागत नाही, पण दुसऱ्याला आलेली ह्याला सगळ्यांत आधी दिसते. वर्गात माझ्याकडे बघ, बोर्डाकडे बघ असं मी ओरडत असते. हा पोरगा दुसऱ्या पोरांकडे बघतो. मग मुद्दाम जांभई द्यायच्या, आरुष उठून यायचा, बोटं घासायचा, आणि टीचर त्याला गंभीरपणे थँक्यू म्हणायच्या.

डिसेंबरात शाळेने कन्सल्टंट आणली. चाइल्ड डेव्हलपमेंट कन्सल्टंट. मुंबईहून यायची, गळ्यात मोत्यांची माळ, हातात टॅब. चेअरमनसाहेबांना कुठेतरी कळलं होतं की मोठ्या शाळांत असं असतं, मग आपल्यात का नको. पालकांना मेसेज गेला की प्रत्येक मुलाचं ‘एम्पथी असेसमेंट’ होणार. आणि ह्या असेसमेंटमध्ये होतं काय? मॅडम मुलासमोर बसणार, जांभई देणार, आणि मुलाने जांभई दिली की नाही ते टॅबवर नोंदवणार. दिली तर समानुभूती आहे. नाही दिली तर कमी आहे.

चार वर्षांची पोरं ही. टीचरांनी ऐकलं आणि आधी हसल्या. मग कळलं की खरंच करणार आहेत. ऑफिसात जाऊन सांगितलं, की अहो ह्या वयात बहुतेकांना जांभई लागतच नाही, हे म्हणजे पाच महिन्यांच्या बाळाला चालायला लावून लंगडा ठरवण्यासारखं आहे. चेअरमनसाहेब म्हणाले, टीचर, त्या एक्सपर्ट आहेत. टीचर म्हणाल्या, मग मी काय भाजी विकायला येते का इथे?

असेसमेंटच्या दिवशी आम्हा शिक्षिकांना वर्गाबाहेर काढलं. आम्ही असल्यावर मुलं नॅचरल वागत नाहीत म्हणे. आणि त्या परक्या बाईसमोर नॅचरल वागणार होती. टीचर व्हरांड्यातल्या खिडकीची जाळी धरून उभ्या राहिल्या, मी त्यांच्या मागे. एकेक पोर आत जात होतं. मॅडम तोंड उघडायच्या, पोरं बघत राहायची. एका मुलीने जवळ जाऊन आत डोकावलं आणि म्हणाली, मॅडम, तुमच्या दातात सिमेंट भरलंय. मॅडमनी टॅबवर टिचकी मारली. टीचरांना हसू आवरेना.

मग आरुष गेला. मॅडमनी जांभई दिली. आरुषने बघितलं, खुर्चीवरून उतरला, टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेला, टाचा उंच केल्या आणि दोन्ही हात त्यांच्या तोंडासमोर नेऊन बोटं घासायला लागला. बाई दचकून मागे सरकली. हा अजून पुढे. जांभई अजून संपली नाही असं त्याला वाटलं असणार, बाईचं तोंड उघडंच होतं. त्यांनी त्याचे हात धरले आणि खाली केले, आणि खूप वेळ टॅबवर लिहीत बसल्या.

टीचर जाळीतून ओरडल्या, “अहो, तो चुटकी वाजवतोय तुमच्यासाठी. बघा तरी.”

आतून आवाज आला, प्लीज, डोन्ट डिस्टर्ब.

रिपोर्ट आठवड्याने आला. ‘जांभईला प्रतिसाद नाही. समानुभूती कमी. हातांच्या विचित्र आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली. परक्या व्यक्तीच्या अंगावर जाणे. वर्गात वेगळ्या कोपऱ्यात बसवावे.’ बाकीच्या पोरांनाही जांभई लागली नव्हती, पण ती मुकाट्याने खुर्चीत बसून होती, म्हणून त्यांना नुसतंच ‘लक्ष ठेवावे’. उठून दुसऱ्याची काळजी करायला गेला तो एकटा, आणि वेगळा काढला तोही एकटाच.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण टीचरांना ती स्पष्ट हवी असायची. त्यांचा राग ‘आमचा मुलगा तसला नाही’ असला राग नव्हता. तसल्या म्हणतात त्या मुलांना त्यांनी वर्गात कायम मधोमध बसवलं. एक मुलगी दोन वर्षं एक शब्द बोलली नव्हती, पंख्याकडे बघत असायची. टीचरांनी तिची सतरंजी पंख्याखाली घातली आणि वर्गाला सांगितलं, ही आपली पंख्याची मॉनिटर. खऱ्या डॉक्टरकडे पाठवायचं तेव्हा स्वतः सोबत गेल्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की आधी बघा, मग बोला. आणि बघून जे काही दिसेल त्यासाठी पोराला भिंतीकडे तोंड करून बसवू नका.

पण शाळेने तेच केलं. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात, टॉयलेटच्या दाराशेजारी एक टेबल ठेवलं, एक निळी खुर्ची, भिंतीवर पांडाचं स्टिकर आणि पाटी, ‘स्पेशल केअर कॉर्नर’. दीपालीला बोलावून सांगितलं, इथे बसणार असेल तर सीनियर केजीला जागा मिळेल, नाहीतर दुसरी शाळा बघा. टीचर तिच्या शेजारीच उभ्या होत्या. हो म्हणू नको म्हणून तिचा हात दाबत होत्या. दीपाली रडली आणि हो म्हणाली. नवऱ्याला, गावाला, सगळ्यांना अंगावर घेऊन ती ह्या शाळेसाठी इथे आली होती. परत कुठल्या तोंडाने जाणार होती?

टीचर गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढच्या वेळी मॅडम शाळेत आल्या त्या दिवशी त्यांनी आजीला रिक्षात घालून आणलं आणि सरळ ऑफिसात शिरल्या. मला साक्षीला नेलं. चेअरमनसाहेब होते, मॅडम होत्या, नुकतंच जेवण झालं होतं, एसी चालू होता. टीचर बोलत होत्या, चेअरमनसाहेब घड्याळ बघत होते, आजी आरुष घरी कसा वागतो ते सांगत होती. आणि मॅडमना जांभई आली. खरीखुरी, तोंड भरून. आजी बोलायची थांबली नाही. बोलता बोलता तिचा हात आपोआप टेबलावरून पुढे गेला आणि मॅडमच्या तोंडासमोर तिने खाडखाड चुटक्या वाजवल्या. मासे विकणाऱ्या बाईची चुटकी ती, सगळ्या ऑफिसात वाजली.

मग चेअरमनसाहेब हसले. म्हणाले, अरे हो, माझी आजी पण असंच करायची. मॅडम पण हसल्या, ओह, सो दॅट्स व्हॉट ही वॉज डूइंग, किती क्यूट.

मला वाटलं, झालं. सुटला पोरगा. टीचरांनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकला, त्यांनाही तसंच वाटलं असणार. त्या म्हणाल्या, मग उद्यापासून त्याला त्याच्या जागेवर बसवते.

चेअरमनसाहेब म्हणाले, “टीचर, मला पटलं. पण रिपोर्ट दिलेले आहेत. एकाचा बदलला तर बाकीचे पालक पण येतील, मग असेसमेंटला अर्थ काय राहिला? आणि त्याचं नुकसान काय होतंय? उलट जास्त अटेन्शन मिळतंय.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. कळलं नव्हतं म्हणून केलं असतं तर मी कदाचित एवढी पेटले नसते. माणसं चुकतात. ह्यांना कळलं, हसू पण आलं, स्वतःची आजी आठवली, आणि तरी पोराला कोपऱ्यातच ठेवलं. कारण रिपोर्ट दिलेले आहेत. आजीला काही समजलं नाही, ती आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. टीचर त्या दिवशी इतक्या लांब गावाला गेल्या की परत येईनात. जिन्यात, आवारात, रिक्षात बसवेपर्यंत त्या बोलीत बोलत होत्या आणि आजी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. तिला बहुतेक कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या वर्गावरून गेले तर दाराशीच थबकले. टीचरांनी आपली खुर्ची उचलून त्या कोपऱ्यात नेली होती. आरुषच्या टेबलाला लावून. फळा उतरवून पांडाच्या खाली टेकवलेला. आणि वर्गातली सगळी पोरं सतरंज्यांवर उलटी फिरून टॉयलेटच्या दाराकडे तोंड करून बसलेली. जिथे टीचर तो पुढचा भाग, हे पोरांना सांगावं लागत नाही. आता आरुष सगळ्यांत पुढे, टीचरांच्या मांडीला मांडी लावून. मला बघून टीचर म्हणाल्या, रिपोर्टात त्याला कोपऱ्यात ठेवा म्हटलंय, वर्ग कुठे ठेवा ते लिहिलेलं नाही.

काही आठवडे हे चाललं. काय मजेत चाललं म्हणून सांगू. पोरं कोपऱ्यात बसायला भांडायची. मग पालकांची तक्रार आली म्हणे, की मुलांना टॉयलेटचा वास येतो आणि माना अवघडतात. कुठल्या पालकांची, ते कुणी सांगितलं नाही. टीचरांना बढती मिळाली. ‘सीनियर मेंटॉर’. म्हणजे ऑफिसबाहेर एक टेबल, वर्ग नाही, मूल नाही. चार वर्षांच्या पोरांमध्ये जन्म काढलेल्या बाईला मोठ्या माणसांच्या वाटेत बसवलं. त्या तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून आरुषची गोष्ट सांगायच्या. शेवटी जूनमध्ये त्यांना येऊ नका म्हणून कळवलं. शाल-श्रीफळसुद्धा नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी तरीही आल्या, तर वॉचमनने गेट उघडलं नाही. तो बिचारा खाली मान घालून उभा होता. टीचर त्याला म्हणाल्या, तू वर बघ रे, तुझा काय दोष.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दिवाळीच्या सुट्टीनंतर. त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट विचारलं, तो कुठे बसतो? मी म्हटलं, तिथेच. सीनियर केजीतही त्याला तसाच कोपरा दिलाय. नवी शिक्षिका चांगली आहे हो, गोलात ये म्हणून बोलावते कधी कधी, पण आता तोच येत नाही. टीचरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, त्यांचं घर दाखव मला.

दुपारी आल्या. गुडघे खूप धरले होते, चार जिने चढताना प्रत्येक मजल्यावर थांबल्या. दीपालीने दार उघडलं आणि तिला खरंच आनंद झाला. टीचर, टीचर करत पंखा लावला, खुर्ची पुसली. आजी दिसेना. मी विचारलं तर दीपाली म्हणाली, त्यांना अर्नाळ्याला पाठवलं, त्यांच्यामुळेच ती सवय लागली होती ना. मग आतल्या खोलीत जाऊन आरुषला घेऊन आली.

उंच झाला होता. केस चापून बसवलेले. येऊन उभा राहिला तो दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, एखाद्या मोठ्या माणसासारखा. टीचरांनी हाक मारली. त्याने गुड आफ्टरनून टीचर म्हटलं, फरशीला.

“बघा ना टीचर, किती सुधारला,” दीपाली म्हणाली. “आधी कसा, कुणी जांभई दिली, कुणी रडलं की धावत जायचा. मी दोन महिने मागे लागले, हातावर मारलं पण. आता एकदम शिस्तीत असतो. कुणी काही पण करू दे, हा कुणाकडे बघतसुद्धा नाही.”

ती हसत होती. पोरासाठी केलेलं काहीतरी फळाला आलं म्हणून आई हसते तशी. मी टीचरांकडे बघितलं. मला वाटलं, आता ह्या फुटणार, सगळी बिल्डिंग गोळा होणार. मी खरं म्हणजे त्याचीच वाट बघत होते, माझ्यातही तेवढंच साठलं होतं.

पण टीचर खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली उतरल्या, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि आरुषच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आपलं तोंड आणून बसल्या. हात लावला नाही. नाव घेतलं नाही. नुसत्या थांबल्या. तो त्यांच्या खांद्यापलीकडे दाराकडे बघत राहिला. त्या थोड्या सरकल्या, तशी त्याने नजर खाली फरशीवर नेली. त्यांचे गुडघे आठवून मी उठवायला पुढे झाले, तर हाताने मला थांबवलं.

दीपाली चहा घेऊन आली, कप टेबलावर ठेवला, आणि टीचर अशा जमिनीवर का बसल्यात ते तिला कळेना.

“टीचर, उठा ना,” ती म्हणाली. “तो नाही बघणार.”